लोकवर्गणीचे अंडे

उज्जैनच्या रामघाटावर यात्रेकरूंना जेवू घालणे हे पुण्यकर्म खरे. पण शाळकरी मुलाच्या ताटातील अन्न हे दान नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्व राज्यांवर लादलेले ते देणे आहे. ज्या कर्नाटक सरकारशी आमचा भाषेचा झगडा आहे, ते २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडे, नको असल्यास केळे देते. बेळगावच्या सरकारी मराठी शाळेतील मूलही ते खाते. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आणि महाराष्ट्र? २०२३ साली आठवड्यास एक अंडे द्यावयाचे ठरविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये निधी काढून घेऊन शाळांना लोकवर्गणीची वाट दाखविली! ज्या घरी जाण्यासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या, तेथील चुलीची ही कथा मुंबईच्या मंत्र्यांनी आम्हांस समजावून सांगावी.