द्राक्षं तोडतं कोण?

शॅम्पेन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो फसफसणारा फेस, नाही तर कप जिंकल्यावरचा जल्लोष. पण शॅम्पेन हा मुळात फ्रान्समधला एक प्रदेश आहे. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं पाऊण तासात तिथलं रँस शहर गाठता येतं. शहराच्या पोटात, खडूच्या दगडात खोदलेली थंडगार तळघरं आहेत. पहिल्या महायुद्धात तोफगोळे पडत होते, तेव्हा रँसच्या लोकांनी याच तळघरांत आसरा घेतला. इथले द्राक्षमळे, तळघरं आणि जुन्या कंपन्यांच्या वास्तू २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

गाईड हे सगळं रंगवून सांगतो. तुम्ही मात्र एक प्रश्न विचारा : ही द्राक्षं तोडतं कोण?

इथं द्राक्षं हातानंच तोडायची, असा नियम आहे. त्यामुळे दर हंगामाला सुमारे लाखभर मजूर लागतात. २०२३ मध्ये कडक उन्हात तोडणी सुरू असताना काही मजुरांचा मृत्यू झाला. त्याच हंगामात पन्नासहून अधिक स्थलांतरितांना गलिच्छ जागेत कोंबून राबवून घेतल्याबद्दल २०२५ मध्ये शालोंच्या न्यायालयानं तिघांना मानवी तस्करीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं.

मग तिकडे जायचंच नाही का? जा की, जरूर जा! फक्त टूर बुक करताना विचारा, तोडणीला आलेले मजूर राहतात कुठं, भर उन्हात त्यांना सुट्टी मिळते का? पाहुणेच विचारू लागले, तर मालकांनाही उत्तर तयार ठेवावं लागेल.