बाजार उघडला कुणी आणि श्रेय कुणाला?

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय लष्करातल्या महिलांची एक पलटण युनोच्या शांतिसेनेत अबियेला रवाना झाली. सुदान आणि दक्षिण सुदान या दोघांनीही हक्क सांगितलेला हा प्रदेश. फोटो झळकले, कौतुक झालं आणि त्याबरोबर लायबेरियाचा दाखलाही निघाला. २००७ साली आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर बायका लायबेरियात गेल्या होत्या. केवळ स्त्रियांची सशस्त्र पोलीस तुकडी युनोच्या मोहिमेत जाण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून आपल्याला एक गोष्ट सांगितली जाते. गणवेशातली माणसं गेली, सुरक्षा आली. सुरक्षा आली, दुकानं उघडली. दुकानं उघडली, बायाबापड्या सुखी झाल्या.

ऐकायला छान वाटतं. पण ही अर्धीच गोष्ट आहे, आणि जी अर्धी गाळली ती बायकांची आहे. म्हणून ती आपणच सांगायला हवी.

लायबेरिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटा देश. डिसेंबर १९८९ मध्ये तिथे यादवी सुरू झाली आणि मधली एक-दोन वर्षं वगळता ऑगस्ट २००३ पर्यंत चालली. सुमारे अडीच लाख माणसं मेली असा अंदाज आहे. बलात्कार हे तिथे सर्रास वापरलं गेलेलं हत्यार होतं. या सगळ्या काळात खेड्यातला तांदूळ, कसावा, पामतेल शहरात कोण आणत होतं? बाजारात बसणाऱ्या बायका. डोक्यावर पाट्या घेऊन, बंदूकवाल्यांच्या नाक्यांवर पैसे देत, शिव्या खात आणि अनेकदा त्याहून भयंकर सोसत त्या एका टोळीच्या मुलखातून दुसऱ्या टोळीच्या मुलखात जात होत्या. मन्रोव्हियातल्या वॉटरसाइड, रेड लाइट, डुआला या बाजारांत विकणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच. भांडवल कुठलं? बँकेने त्यांना कधी दारात उभं केलं नव्हतं. त्यांच्याकडे होती ‘सुसू’, म्हणजे आपली भिशीच. पाचदहा जणींनी पैसे जमवायचे, पाळीपाळीने एकीने उचलायचे. या भिशीवर एका देशाच्या चुली पेटत होत्या. म्हणजे शिपाई येण्याआधी बाजार मेला होता आणि त्यांनी तो जिवंत केला, असं म्हणणं या बायकांच्या चौदा वर्षांच्या कष्टांवर बोळा फिरवणं आहे.

आता शांततेचं बघू. २००३ च्या एप्रिलमध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र आल्या, पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानावर उन्हापावसात बसल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा रोज त्याच रस्त्याने जायचा. लेमा बोवी ही त्यांची पुढारी. मागण्या तीन होत्या: ताबडतोब युद्धबंदी, वाटाघाटी आणि बाहेरून येणारी शांतिसेना. त्या वर्षी जुलैत घानाची राजधानी आक्रा इथे वाटाघाटी रेंगाळल्या. पुरुष पुढारी हॉटेलात मुक्काम ठोकून होते आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. तेव्हा या बायकांनी सभागृहाचं दार अडवलं. हातात हात गुंफून खाली बसल्या. हटवायला रक्षक आले तेव्हा बोवी यांनी अंगावरचे कपडे उतरवण्याची धमकी दिली. मणिपूरमधल्या आयांनी जुलै २००४ मध्ये इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर जे केलं त्याच्या बरोबर एक वर्ष आधीची ही घटना. दोन खंड, दोन भाषा, पण बंदुकीपुढे बाईच्या हाती उरलेलं शेवटचं शस्त्र एकच! १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करार झाला.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. शांतिसेना नको, असं लायबेरियाच्या बायका म्हणत नव्हत्या. त्यांनीच ती मागितली होती. सैन्य आलं आणि गोळीबार थांबला, हे खरं आहे आणि आपण ते नाकारण्याचं कारण नाही. आमचा सवाल पुढचा आहे. मागणी बायकांची, कष्ट बायकांचे, मग सैन्याबरोबर जो पैसा आणि जी सत्ता आली त्यात बायकांचा वाटा किती?

पहिला हिशोब शस्त्रं खाली ठेवण्याच्या कार्यक्रमाचा. डिसेंबर २००३ मध्ये युनोने तो सुरू केला. बंदूक आणून द्या, दोन हप्त्यांत ३०० डॉलर घ्या, शिवाय पुढे शिक्षण किंवा धंद्याचं प्रशिक्षण. पहिल्याच छावणीत पैशावरून दंगल उसळली. मग समजूत घालायला कोण गेलं? पुन्हा त्याच पांढऱ्या कपड्यांतल्या बायका. अखेर लाखाहून अधिक लोकांची ‘लढवय्ये’ म्हणून नोंद झाली आणि हत्यारं जमली ती २८ हजारांच्या आसपास. नोंदलेल्यांत सुमारे २२ हजार बायका होत्या. पण ज्या मुलींना टोळ्यांनी पळवून नेलं, ज्यांच्याकडून स्वयंपाक करून घेतला, ओझी वाहून घेतली, ज्यांना कमांडरची ‘बायको’ करून ठेवलं, त्यांतल्या कितीतरी जणी छावणीपर्यंत पोचल्याच नाहीत. काहींची हत्यारं कमांडरांनी काढून आपल्या माणसांना दिली. काहींना गावात तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणजे हिशोब असा झाला: ज्याने बाजार लुटला त्याला ३०० डॉलर आणि सुतारकामाचं प्रशिक्षण, जिने लुटीतूनही बाजार चालवला तिला टाळ्या. ‘स्थानिक उद्योगाला चालना’ या गोंडस शब्दांमागचा व्यवहार हा आहे.

दुसरा हिशोब छावणीभोवतीच्या बाजाराचा. पंधरा हजार सैनिकांची मंजुरी असलेली मोहीम एका गरीब, उद्ध्वस्त देशात उतरली. शेकडो मुलकी अधिकारी आले, डॉलरमधले पगार आले. घरभाडी वाढली, हॉटेलं निघाली, परदेशी माल विकणारी मोठी दुकानं सजली. याला उद्योग वाढला म्हणायचं! पण नफा गेला घरमालकांच्या, हॉटेलवाल्यांच्या आणि आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खिशात. गरीब बाईच्या वाट्याला काय आलं? परदेशी साहेबांची धुणीभांडी, आणि नाही तर तिचं शरीर.

हे हवेतलं बोलणं नाही. मन्रोव्हियात केलेली एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. १८ ते ३० वयाच्या ४७५ स्त्रियांना विचारलं गेलं. निम्म्याहून अधिक जणींनी पैशाच्या किंवा वस्तूच्या बदल्यात शरीरसंबंध ठेवल्याचं सांगितलं आणि त्यांतल्या तीनचतुर्थांशांहून अधिक जणींचा असा संबंध युनोच्या माणसांशी आला होता. त्याआधी २००६ साली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेच्या ब्रिटिश शाखेने लायबेरियातल्या छावण्यांमधलं आणि वस्त्यांमधलं वास्तव मांडलं होतं: अन्नासाठी, थोड्या पैशांसाठी लहान मुलींचं शोषण होत होतं, आणि करणाऱ्यांत शांतिसैनिक, मदत संस्थांची माणसं, शिक्षक, सगळेच होते. गंमत अशी की ऑक्टोबर २००३ मध्ये, म्हणजे लायबेरियाची मोहीम सुरू झाली त्याच महिन्यात, युनोच्या महासचिवांनी फर्मान काढलं होतं. पैसा, नोकरी किंवा वस्तू देऊन शरीरसंबंध ठेवायला कडक मनाई! कागद तयार होता. कागदाखाली जे चालायचं ते चाललं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, पण त्या स्वखुशीने जात होत्या ना?” मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरावर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा हेच सांगितलं होतं. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती. त्या निकालाविरुद्ध उभं राहूनच आपली चळवळ वाढली. एका बाजूला गणवेश आणि बंदूक, दुसऱ्या बाजूला गरीब आदिवासी मुलगी, तिथे ‘संमती’ हा शब्द किती पोकळ असतो हे महाराष्ट्रातल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. मन्रोव्हियातल्या बाईपुढे तर डॉलर आणि उपाशी पोरं हेही उभे होते.

बरं, तिने तक्रार करायची ठरवली तर कुठे करायची? नियम असा आहे की शांतिसेनेतल्या सैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार फक्त त्याच्या स्वतःच्या देशाला. ज्या देशात गुन्हा घडला तिथलं न्यायालय त्याला हात लावू शकत नाही. युनो फार तर त्याला घरी परत पाठवते. २०१६ साली सुरक्षा समितीने ठराव करून अख्खी तुकडी परत पाठवण्याची सोय केली, पण खटला मात्र मायदेशीच. गुन्हा मन्रोव्हियात, साक्षीदार मन्रोव्हियात, पोटातलं मूल मन्रोव्हियात आणि कोर्ट हजारो मैलांवर! याला न्याय म्हणायचं का?

आणि मायदेशी तरी काय आहे? आपल्याच देशाचं बघा. २०१३ च्या जानेवारीत न्यायमूर्ती वर्मा समितीने सांगितलं की सशस्त्र दलातल्या माणसाने लैंगिक अत्याचार केला तर खटल्यासाठी सरकारच्या परवानगीची अट नको. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यातली ती अट सरकारने काढली नाही. २०१६ साली शांतिसैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांसाठी युनोने निधी उभारला, त्यात पहिली देणगी भारताने दिली. चांगलंच झालं. पण त्या निधीतून एखाद्या बाईला थेट नुकसानभरपाई मिळत नाही. परदेशात देणगी आणि घरात विशेषाधिकार, ही दुटप्पी नीती आपण उघडपणे बोललो पाहिजे.

मग आपल्या राखीव दलातल्या बायकांचं काय? त्यांचं काम कमी लेखायचं नाही. २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षं एकामागून एक तुकड्या तिथे राहिल्या, रात्रीची गस्त घातली, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा दिला. या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेलं, असं युनो सांगते. एखाद्या मुलीला गणवेशातली बाई बघून आपणही पोलीस व्हावंसं वाटलं असेल तर त्याचा आनंदच आहे. पण या तुकडीचं मुख्य काम पहाऱ्याचं, गस्तीचं आणि जमाव काबूत ठेवण्याचं. बलात्काराचा तपास करणं, आरोपीला अटक करणं हे तिच्या अधिकारात नव्हतं, ते लायबेरियाच्या पोलिसांचं काम होतं. बलात्काराचा नवा कायदा तिथे २००६ च्या सुरुवातीला लागू झाला तो तिथल्या महिला वकिलांच्या संघटनेने झटून मिळवला. बाजारातल्या बायकांसाठी छपरं, गोदामं, साक्षरता वर्ग यांची मागणी केली ती त्याच बायकांनी, आणि एलेन जॉन्सन सर्लिफ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. हे सगळं बंदुकीशिवाय झालं.

आमचा आक्षेप आपल्या भगिनींच्या जाण्याला नाही. पुरुषांनी चालवलेल्या यंत्रणेत शंभर बायका उभ्या केल्या की यंत्रणा बायकांची झाली, या दाव्याला आक्षेप आहे. फोटोत बाई पुढे आणि हुकूम, पैसा, कायदा पुरुषांच्या हाती, हे आपण पंचायतीपासून बघत आलो आहोत.

मार्च २०१८ मध्ये युनोची मोहीम लायबेरियातून उठली. सैन्य कमी होत गेलं तसा भाड्याचा, हॉटेलांचा पैसाही आटला. बाजारात पुन्हा त्याच बायका त्याच सुसूच्या आधाराने बसलेल्या आहेत. सैन्याने उभा केलेला ‘उद्योग’ सैन्याबरोबर गेला, बायकांनी उभा केलेला राहिला.

म्हणून महिला संघटनांनी शांतिसेनेच्या बातम्यांवर नुसत्या टाळ्या वाजवू नयेत. आपलं सरकार जगात सर्वाधिक शांतिसैनिक पाठवणाऱ्या देशांपैकी एक आहे, तेव्हा आपल्याला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या मागण्या अशा असाव्यात:

परदेशी मोहिमांवरच्या भारतीय जवानांविरुद्ध किती तक्रारी आल्या, कितींची चौकशी झाली, कितींना शिक्षा झाली, याची माहिती दरवर्षी संसदेपुढे यावी.

खटल्याचं कामकाज शक्य तिथे गुन्हा घडला त्या देशात, तक्रार करणाऱ्या बाईसमोर चालावं. मूल झालं असेल तर बापाची ओळख पटवून पोटगी मिळावी.

शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांना जेवढा पैसा मिळतो, तेवढाच ज्यांनी शस्त्र न उचलता कुटुंबं जगवली त्या बायकांच्या भिशीगटांना, बाजार संघटनांना मिळावा, आणि तो कसा खर्चायचा हे त्यांनीच ठरवावं.

आणि वर्मा समितीची शिफारस सरकारने मान्य करावी. घरच्या बाईला गणवेशापुढे न्याय देत नाही, तो परक्या देशातल्या बाईला सुरक्षा देतो यावर आपण विश्वास का ठेवावा?

सुरक्षा किती आली हे उघडलेल्या दुकानांवरून मोजू नका. पाटी विकून रात्री घरी जाणाऱ्या बाईला विचारा. वाटेत छावणी लागते तेव्हा तिची पावलं मंदावतात की झपझप पडतात, ते ती सांगेल.