यकृताच्या शिरा: प्रत्येकाची ठेवण निराळी

वडिलांना यकृताचा तुकडा द्यायला मुलगा तयार आहे, रक्तगटही जुळतो, तरी डॉक्टर नको म्हणतात. असे झाले की घरचे गोंधळतात. मुलाला काही मोठा आजार तर नाही ना, अशी शंका येते. पुष्कळदा तसे काही नसते. अडचण असते ती शिरांच्या ठेवणीची.

मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो, तेच यकृत. आतड्यांतले रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून यकृतात येते. तेथून उजवी, मधली व डावी अशा तीन शिरा ते रक्त हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत सोडतात. हे झाले पुस्तकातले चित्र. प्रत्यक्षात बहुतेकांची मधली व डावी शीर आधी एक होते आणि मग महाशिरेला मिळते. काहींना उजवीकडे खालच्या बाजूस एक जादा शीर असते, ती परस्पर महाशिरेत उघडते. पोर्टल व्हेनला सहसा दोन फाटे फुटतात, काहींत एकदम तीन. हा रोग नव्हे. जन्मापासूनच तशी ठेवण असते आणि माणूस तिच्यासह आयुष्यभर ठणठणीत राहतो.

प्रश्न येतो तो यकृत कापताना. मोरीचे तोंड बुजले की पाणी साचते, तसे रक्त बाहेर नेणारी शीर बांधली गेली की तेवढा भाग रक्ताने फुगतो व नीट काम करीत नाही. जादा शीर आहे हे ठाऊक नसेल आणि ती फाटली, तर भयंकर रक्तस्राव होतो. यकृताची गाठ काढतानाही हाच धोका असतो. फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी १९५७ साली शिरांच्या फाट्यांवरून यकृताचे आठ भाग दाखविले. कोठून कापावे, हे सर्जन आजही त्यावरूनच ठरवितात.

जिवंत दात्याच्या बाबतीत तर दोन जिवांचा प्रश्न असतो. मधली शीर यकृताच्या उजव्या व डाव्या भागांच्या सीमेवरून जाते. ती रोग्याला द्यावी की दात्याकडे ठेवावी, हे आधी ठरवावे लागते. दात्याकडे साधारण तिसरा हिस्सा तरी यकृत उरलेच पाहिजे, आणि उरलेल्या भागातून रक्त नीट बाहेर पडले पाहिजे. तसे झाले तर यकृत काही महिन्यांत पुष्कळसे भरून येते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी हाताच्या शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. त्यात सर्व शिरा दिसतात. खर्च वाचविण्यासाठी ही तपासणी टाळू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पूर्वी अशा इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर आधीच सांगा. ‘माझ्या शिरांची ठेवण कशी आहे? माझ्याकडे किती यकृत उरेल?’ असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

आणखी एक. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची राजीखुशी आवश्यक आहे. पत्नीवर, बहिणीवर दबाव आणू नका. आणि तपासणीनंतर डॉक्टरांनी एखाद्याला नको म्हटले, तर त्याला बोल लावू नका. त्या नकाराने घरातला दुसरा जीव वाचलेला असतो.