मोटारीचे सोवळे

परप्रांतात नेमणुकीवर असलेल्या आमच्या मराठी नोकरवर्गात अलीकडे एक नवेच सोवळे रूढ होऊ लागले आहे. पाण्याचे आणि पंक्तीचे सोवळे आमच्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या कष्टाने सोडले. ते सुटले म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावरून आम्ही एकमेकांचे अभिनंदनही करतो. परंतु मोटार घ्यावयाची म्हटली की तेच सोवळे मागील दाराने घरात शिरते. दुसऱ्याने चालविलेली गाडी ही ओवळी. तिला हात लावावयाचा नाही! त्यातही ती एस.यू.व्ही. म्हणतात तसली उंचीपुरी गाडी असेल तर विचारावयासच नको. ती शोरूममधूनच निघाली पाहिजे, तिच्या आसनांवरील प्लॅस्टिक सहा महिने निघता कामा नये, आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली हाती घेतलेले सहकुटुंब छायाचित्र गावी गेलेच पाहिजे.

या समजुतीशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडणार आहोत. ज्याची दर तीन-चार वर्षांनी बदली व्हावयाची, ज्याच्या मिळकतीचा आकडा सरकारने कोष्टकात छापून ठेवला आहे, त्याने नीट पारखून घेतलेली तीन-चार वर्षांची गाडी हीच पहिली निवड मानावी. नवी घ्यावयाची झाल्यास कारणे देण्याचे ओझे नवीच्या बाजूस असावे. आज नेमके उलट चालले आहे. जुनी घेणाराच चारचौघांत खुलासे देत फिरतो.

खरे पाहता, वापरलेल्या वस्तूचे वावडे सरकारी नोकरास असावे यासारखी गंमत नाही. ज्या निवासस्थानात आमच्याआधी दहा कुटुंबे नांदून गेली, जेथल्या भिंतींवर परक्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलखुणा अजून दिसतात, तेथे आम्ही कलश मांडून सुखाने राहतो. कचेरीतील टेबल, खुर्ची, पंखा, एवढेच काय, पुढ्यातील फाइलसुद्धा कोणाची तरी उतरलेलीच असते. आमच्यापैकी बहुतेकजण थोरल्या भावाच्या पुस्तकांवर पदवीधर झाले. मग मोटारीनेच काय घोडे मारले आहे?

आणि या विशिष्ट जातीच्या मोटारीची कुळकथा तरी कोणती? तिचा मूळपुरुष म्हणजे युद्धातील जीप. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विलीज जीप येथे जुळवून विकावयास घेतली. पुढे कलेक्टरापासून पाटबंधारे खात्याच्या इंजिनियरापर्यंत सारे तीत बसून धूळ खात हिंडले. त्या जीपची शोभा तिच्या पोच्यांवरून ठरत असे. १९९१ ची टाटा सिएरा, १९९८ ची सफारी आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून निघालेली स्कॉर्पिओ यांच्या मार्गाने ती जीप सुखवस्तू झाली, मऊ झाली, महागही झाली. खाचखळग्यांसाठी जन्मलेली गाडी काचेच्या घरातून वाजतगाजत आणावयाची आणि पहिल्या ओरखड्यास सुतक पाळावयाचे, हा प्रकार त्या कुळास शोभत नाही.

परंतु भावनेची गोष्ट बाजूस ठेवून हिशेबाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर आले, त्यांनुसार चार मीटरपेक्षा अधिक लांबीच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर चाळीस टक्के कर पडतो. पेट्रोलवरील १२०० व डिझेलवरील १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, चार मीटरच्या आतील गाडीवर अठरा टक्के. म्हणजे कारखान्याच्या लेखी दहा लाखांची मोठी गाडी आम्हांस चौदा लाखांस पडते. वरचे चार लाख हे लोखंड नव्हे, रबर नव्हे, यंत्रही नव्हे. ते राज्यकारभारास दिलेले आमचे योगदान आहे. देशभक्ती म्हणून ते स्तुत्य असेल. मात्र तीन वर्षांनी गाडी विकावयास काढली म्हणजे सरकार ते परत करीत नाही. पहिला धनी ते भरून मोकळा झालेला असतो. खाजगी मालकाकडून जुनी गाडी घेणाऱ्यास हा कर नव्याने द्यावा लागत नाही. व्यापाऱ्याकडून घेतली तर जानेवारी २०२५ पासून अठरा टक्के आहे खरा, पण तो व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे.

विमाधंद्यात वर्षानुवर्षे चालत आलेले घसाऱ्याचे कोष्टक पाहावे. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास. या कोष्टकाप्रमाणे आमची चौदा लाखांची गाडी चौथ्या वर्षी आठ लाख चाळीस हजारांची ठरते. बाजारात एस.यू.व्ही.ला मागणी असल्याने ती इतकी स्वस्त मिळणार नाही. नऊ लाखांस मिळाली असे धरू. दोन्ही खरेदीदारांनी चार लाख रोख भरले असे समजा. नवी घेणारा दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढतो. त्याचा हप्ता सोळा हजारांच्या वर जातो आणि व्याज साडेतीन लाख होते. जुनी घेणाऱ्यास पाच लाखच काढावयाचे आहेत. जुन्या गाडीच्या कर्जास व्याज अधिक असते हे आम्ही लपवीत नाही. अकरा टक्के धरले, पाच वर्षांची मुदत धरली, तरी हप्ता अकरा हजारांच्या आत राहतो आणि व्याज दीड लाखाच्या आसपास थांबते. सात लाखांचा फरक पडला. नवी गाडी शेवटी विकताना जुनीहून अधिक किंमत देईल हे कबूल. पण हा सारा खड्डा त्यातून भरून येईल अशी आशा विक्रेत्यानेच करावी.

सात लाख म्हणजे काय, हे परप्रांतातील कारकुनास वेगळे सांगावयास नको. वेतनस्तर चारवर नोकरीस लागणाऱ्याचे सातव्या आयोगाचे मूळ वेतन पंचवीस हजार पाचशे. मोटारीसाठी सरकारकडून मिळणारा अग्रिम त्याच आयोगानंतर २०१६ साली बंद झाला. आता बँकेच्या दारात उभे राहावे लागते. बदलीच्या वेळी स्वतःची मोटार नेण्याचा खर्च वेतनस्तर सहा व त्यावरील अधिकाऱ्यांस मिळतो. पाच व खालच्यांस दुचाकीपुरताच. ज्या खात्याने आमच्या मोटारीचे अस्तित्वच हिशेबात धरलेले नाही, त्याच्या जोरावर चौदा लाखांचा संसार कोणी मांडावा? गावाकडील आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुलीच्या वसतिगृहाची फी, निवृत्तीनंतर डोके टेकावयास पुण्या-नाशिकच्या कडेला दोन खोल्या, ही या सात लाखांची खरी नावे आहेत.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. ते म्हणतात, २०२५ साली कर उतरला, पूर्वी मोठ्या एस.यू.व्ही.वर उपकर धरून पन्नास टक्के जात होते, आता चाळीसच. तेव्हा नवीच घ्यावी. कर उतरला हे खरेच. पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, हे मंडईतील भाजीवालीसही कळते. उतरलेल्या कराचा लाभ जुनी घेणाऱ्यालाही मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुन्या गाडीचा पूर्वेतिहास कळत नाही. मीटर मागे फिरविलेले असते, पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून उभी केलेली असते, अपघातात वाकलेली चेसिस रंगाखाली झाकलेली असते. हे सारे घडते. पण त्यावर उपाय आहे आणि तो सोवळ्याचा नाही, पारखण्याचा आहे. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात आणि मीटर त्यांच्याशी ताडून पाहावा. गाडी वर चढवून खालून पाहावी. किनाऱ्यावरील गावात वाढलेल्या गाडीस तळातून गंज चढतो. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. शहरातल्या शहरात थोडथोडी चाललेल्या गाडीत ती तुंबते आणि बदलावयाची झाली तर खिसा रिकामा करते. तेव्हा कमी चाललेली डिझेल गाडी दिसली की हुरळून न जाता उलट दोन प्रश्न अधिक विचारावेत. मालकाच्या ओळखीच्या नव्हे, स्वतःच्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यावे. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदवहीत कर्जाचा बोजा दिसतो, चलने दिसतात, विम्याची मुदत दिसते. मुलीचे स्थळ पाहताना आम्ही याच्या दसपट चौकशी करतो.

तिसरा आक्षेप मात्र आमच्यासारख्यांच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे, आणि त्याला आम्ही मान देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमान्वये परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली की नवा नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या राज्याचे ना-हरकत पत्र हवे, नव्या राज्याचा कर हवा, आणि पहिल्या राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळविण्यासाठी अर्ज, स्मरणपत्र आणि पुन्हा स्मरणपत्र. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दक्षिणेतील एका राज्यात नवी गाडी घेतली आणि दीड वर्षात त्यांची बदली पूर्वेकडे झाली. परताव्याच्या पत्रव्यवहाराची त्यांची फाइल आता गाडीच्या माहितीपुस्तकाहून जाड झाली आहे.

या जाचावर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने भारत मालिका, म्हणजे ‘बी.एच.’ अक्षरांची नोंदणी, काढली. केंद्र व राज्य सरकारांचे नोकर, सैनिक, सार्वजनिक उद्योगांतील नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांतील लोक यांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरावयाचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच. ‘म्हणून नवीच घ्या,’ असे प्रतिपक्ष येथे विजयी मुद्रेने म्हणतो. पण डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आधीपासून साधी नोंदणी असलेली गाडीही योग्य तो कर भरून भारत मालिकेत नेण्याची वाट मोकळी केली, आणि या मालिकेतील गाडी दुसऱ्यास विकताही येते. एक सवलत मात्र आम्ही देतो. ज्यास दहा-बारा वर्षे तीच गाडी ठेवावयाची आहे, जो कर्जाशिवाय किंवा थोड्या कर्जावर ती घेऊ शकतो आणि ज्याच्या बदल्या खरोखर राज्याराज्यांतून होतात, त्याने भारत मालिकेत नवी घेतली तर आम्ही त्यास बोल लावणार नाही. असे किती जण आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मंडळाच्या वाहनतळावर उभे राहून मोजावे.

जुनीच्या बाजूने बोलताना दोन धोक्यांविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला धोका दिल्लीचा. हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविरुद्ध आदेश दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचे ठरले आणि काही दिवसांत ते स्थगित झाले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबविली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बी.एस.-४ व त्यापुढील गाड्यांपुरते राखले. राजधानीत नेमणूक असलेल्याने, स्वस्त मिळते म्हणून सात-आठ वर्षांची डिझेल एस.यू.व्ही. घेणे म्हणजे न्यायालयाच्या पुढच्या तारखेवर संसार चालविणे होय. त्याने पेट्रोल पाहावी आणि वयाने कोवळी पाहावी.

दुसरा धोका गावच्या गाडीचा. मे महिन्याच्या रजेत पुतण्याच्या ओळखीने पुण्यात गाडी स्वस्त मिळाली म्हणून ती हाकीत भोपाळला किंवा हैदराबादला आणावयाची, ही हौस आमच्या लोकांत फार. वर सांगितलेले सत्तेचाळिसावे कलम तिला बारा महिन्यांनी गाठते. जुनी गाडी आपल्या नेमणुकीच्या राज्यातच नोंदलेली घ्यावी किंवा भारत मालिकेतील घ्यावी.

आणि नाव बदलून घेण्यात आळस नको. घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी आपल्या नावे करावी असे कायदा सांगतो. विमाही आपल्या नावे करून घ्यावा. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. विकणाऱ्यालाही यात तेवढेच भय आहे. गाडी कितीही हात फिरली तरी नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. बदलीच्या घाईत कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणारे आमचे बंधू हे ध्यानात घेतील तर बरे.

आचारनियमांचाही येथे संबंध येतो. १९६४ च्या नियमांतील अठराव्या नियमान्वये दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली वा विकली की महिन्याच्या आत कचेरीस कळवावे लागते. समोरच्या माणसाशी आपले कचेरीचे काम पडत असेल तर आधी परवानगी लागते. ठेकेदाराने ‘साहेब, घरचीच समजा’ म्हणून अर्ध्या किमतीत देऊ केलेली जुनी गाडी आमच्या या सबंध युक्तिवादात बसत नाही, हे सांगून ठेवतो. बाकी गाडी नवी असो की जुनी, त्या कळविण्याच्या कागदावर पैसा कोठून उभा केला हे लिहावे लागतेच. शोरूमची वाट धरण्यापूर्वी तेवढा मजकूर घरी बसून, पत्नीच्या समोर, एकदा लिहून पाहावा.