कडी आतूनच हवी!

दुकानात दोन वह्या विकत घ्याव्यात आणि पैसे देण्यापूर्वीच गल्ल्यावरील माणसाने आपला मोबाइल नंबर विचारावा, हा अनुभव शहरातील कोणाही गृहस्थास आता नवा राहिलेला नाही. वह्यांचा आणि नंबराचा संबंध काय, असे विचारण्याचे धैर्य फार थोडे लोक दाखवितात. कारण मागे रांग खोळंबलेली असते आणि एवढ्याशा गोष्टीसाठी वाद घालणारा माणूस विक्षिप्त ठरतो. असा आग्रह धरू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या मे महिन्यात व्यापाऱ्यांना बजावले होते. आग्रह मात्र पूर्णपणे थांबलेला नाही. घरी यावे तर तेथेही तोच प्रकार. मुलाने मोबाइलवर एखादा खेळ उतरवून घेतलेला असतो आणि सुरू होण्याआधीच तो खेळ मायक्रोफोन, छायाचित्रे, ठावठिकाणा आणि ओळखीच्या माणसांची यादी यांवर हक्क सांगू लागतो. दहा वर्षांचे ते मूल ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवते आणि खेळू लागते. आपणही तेच करतो. मुलाला अज्ञानाचे निमित्त तरी आहे. आम्हां सुशिक्षितांना तेवढेही नाही.

सोय ही तुच्छ मानण्याची वस्तू आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून भाजीवाल्या बाईची सुट्या पैशांची विवंचना मिटली, आणि विजेचे बिल भरण्यासाठी वृद्ध निवृत्तांना उन्हात तिष्ठत उभे राहावे लागत नाही. ‘मोबाइल फेकून द्या’ हा उपदेश, ज्याची कामे करण्यास घरी चार माणसे आहेत, त्यालाच परवडणारा आहे. तेव्हा सोय हवी की नको हा वादच नव्हे. तिची किंमत कोणी ठरवावयाची, आणि ती ठरविताना गिऱ्हाइकाला भाव सांगावयाचा की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

‘आपल्यापाशी लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असे पुष्कळ सुजाण माणसेही मोठ्या आत्मविश्वासाने विचारतात. त्यांना आम्ही एका जुन्या वहिवाटीची आठवण देऊ इच्छितो. पोस्टकार्ड स्वस्त होते. तरीही मुलीच्या सासरची विचारपूस करताना, भावाला कर्जाची अडचण कळविताना किंवा घरातील आजाराचे वृत्त लिहिताना आपल्या वाडवडिलांनी जादा पैसे मोजून अंतर्देशीय पत्र वापरले. ते सारे काय गुन्हेगार होते? कोणती गोष्ट कोणाला सांगावी हे ज्याचे त्याने ठरवावे, ही साधी सभ्यता त्यांना ठाऊक होती. वाण्याच्या वहीतही आमच्या घरचे तेल, गूळ आणि थकलेली उधारी लिहिलेली असे. पण तो वाणी आम्हांस जितका ओळखे, तितकेच आम्हीही त्यास ओळखत होतो. आजचा वाणी दिसत नाही, त्याची वही कोणत्या देशात आहे हे कळत नाही, आणि ती तो कोणाकोणाला वाचावयास देतो हे तर विचारण्याचीही सोय नाही.

खेळासारख्या निरुपद्रवी गोष्टीत एवढे चिंतेचे काय, असे कोणास वाटेल. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन जाळ्यात चोरटे शिरले आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. ती माणसे पेढीवर ठेव ठेवण्यास गेली नव्हती, खेळावयास गेली होती! ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीस २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे एकंदर ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. मुलांच्या माहितीविषयीचा कायदा मोडल्याबद्दलचा दंड त्यांत साडेसत्तावीस कोटींचा होता. बाकीचे साडेचोवीस कोटी फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी करून बसलेल्या ग्राहकांस परत करण्यासाठी होते. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आपोआप चालू ठेवलेली होती, हा कमिशनचा एक मुख्य आक्षेप होता. मुलाने ती मागितली नव्हती आणि आईबापांना तिचा पत्ताही नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा सामन्यांत लबाडी करणारे पुष्कळ असतात आणि प्रामाणिक खेळाडूस त्यांचा उपद्रव होतो. म्हणून २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळाने संगणकाच्या अगदी गाभ्यात बसणारा आणि संगणकाबरोबरच जागा होणारा पहारेकरी नेमला. कित्येक खेळाडूंनी समजून उमजून तो पत्करला. ही उघड देवघेव झाली आणि तीविषयी आमची तक्रार नाही. परंतु प्रत्येक मागणी अशी अपरिहार्य नसते. २०२४ च्या मे महिन्यात ‘हेलडायव्हर्स २’ संगणकावर खेळणाऱ्यांनी सोनीच्या जाळ्यावर खाते जोडलेच पाहिजे, असे फर्मान निघाले. खेळाडूंनी गिल्ला करताच ते काही दिवसांतच मागे घेण्यात आले, आणि त्या खात्यावाचून खेळ चालूच राहिला. आवश्यक म्हणून सांगितलेले बरेचसे केवळ सोयीचे असते, आणि ती सोयही मागणाऱ्याची असते!

आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. मोबाइलमधील नावांची यादी आपली असते हा मोठा भ्रम आहे. तिच्यात शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा, मुलीच्या मैत्रिणीचा नंबर असतो. ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी याच यादीचे शस्त्र केले. हप्ता थकला की कर्जदाराच्या नातलगांस आणि कचेरीतील सहकाऱ्यांस फोन करून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याचे प्रकार घडले. अखेर रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरात अशा ॲपना नावांची यादी, फोनांची नोंद आणि साठविलेली छायाचित्रे यांस हात लावण्यास मनाई केली. जे कर्जाच्या धंद्यात करता आले, ते खेळांच्या आणि दुकानांच्या बाबतीत अशक्य का असावे?

कायद्याचा प्रवास मंद असला तरी दिशा योग्य आहे. १९५४ आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणास घटनेने दिलेला हक्क मानण्याचे नाकारले होते; १९६२ च्या खरकसिंग खटल्यात न्या. सुब्बाराव यांनी नोंदविलेले भिन्न मत तेवढे मागे उरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने तो मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमती मोकळी, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी, ती कामापुरत्याच माहितीसाठी असावी, आणि दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी, असे तो सांगतो. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने नावांची यादी मागितली आणि ग्राहकाने होकार दिला, तरी त्या यादीपुरता तो होकार व्यर्थ, असे उदाहरणच त्यात दिले आहे. मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यासही त्याने बंदी केली.

एवढे चांगले कलम लिहून मग स्वस्थ बसावे, हे मात्र अनाकलनीय आहे. नियम निघावयास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यांनीही कंपन्यांवरील मुख्य बंधनांस आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. सरकारने स्वतःच्या यंत्रणांसाठी ठेवलेल्या सवलतीही फार ऐसपैस आहेत. प्रजेस शिस्त लावणाऱ्याने ती आधी आपल्या घरी पाळावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी हे ठीक. पण मूल कोण हे ठरविण्यासाठी सर्वांचेच दाखले गोळा होऊ लागले, तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरेल. विचारणाऱ्यास ‘अठरा पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढेच उत्तर मिळावे. नाव, गाव, जन्मतारीख त्याच्या हाती जाता कामा नये.

आमची मागणी अवाजवी नाही. परवानगी कामाच्या वेळी आणि कामापुरतीच मागावी. मुलांसाठी सर्व दारे मुळात बंद असावीत. आणि नकार देणाऱ्यास वह्या, औषध किंवा खेळ नाकारला जाऊ नये. वाचकांनीही आपला वाटा उचलावा. आज रात्री मुलाशेजारी बसून त्याच्या खेळाने काय काय मागून घेतले आहे ते पाहावे, आणि उद्या गल्ल्यावर ‘नंबर देणार नाही’ हे तीन शब्द शांतपणे उच्चारावेत. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी उघडा असे. पण त्याची कडी आतून असे आणि ती लावण्याचा अधिकार घरच्या माणसाचा असे. दार उघडे ठेवण्यास आमची हरकत नाही. कडी मात्र आतूनच हवी!