खोट्या बीपपेक्षा खोटी शांतता घातक

‘रिव्हर्स टाकला की मागे कोणी नसताना टूं-टूं सुरू. बंदच करून टाका ते रिअर क्रॉस ट्रॅफिक अलर्ट!’ असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. ‘मान वळवून बघता येत नाही का?’ ही त्याला जोडलेली मल्लिनाथी.

मुळात ‘मागे कोणी नसताना’ हेच तपासायला हवं. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या रडारला काहीतरी जवळ येतंय आणि किती वेगाने, एवढं कळतं. ते तुमच्या वाटेत येणार की सोसायटीच्या जाळीपलीकडच्या रस्त्याने निघून जाणार, याचा अंदाज चुकू शकतो. पत्र्याच्या कुंपणावरून परतलेल्या लहरीही त्याला फसवतात. वैताग येतो हे खरं, पण अशा बीपची किंमत काय? ब्रेकवर क्षणभर पाय.

राहिली मान वळवण्याची गोष्ट. दोन्ही बाजूंना उंच एसयूव्ही उभ्या असतील तर मान वळवूनही शेजारच्या गाडीचा पत्राच दिसतो. बंपर मात्र चालकाच्या डोळ्यांच्या कितीतरी आधी बाहेर पडतो आणि रडार तिथेच असतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात ही यंत्रणा असलेल्या गाड्यांचे रिव्हर्समधले अपघात २२ टक्क्यांनी कमी आढळले. सरसकट बंद करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

म्हणून शोरूममधलं ‘आता मागे बघायलाच नको’ हेही मान्य करायचं नाही. तिथल्याच ‘एएए’ या वाहनचालक संघटनेने २०१५ मध्ये मोठ्या गाड्यांच्या मधोमध उभ्या केलेल्या गाड्यांवर चाचण्या घेतल्या. मागून जाणारी मोटरसायकल ४८ टक्के वेळा आणि पादचारी ६० टक्के वेळा यंत्रणेच्या नजरेतून सुटले. आपल्या पार्किंगमध्ये मागून जाणारे बहुतेक हेच! त्यात गाडी तिरकी लावलेली असेल किंवा बंपरवर चिखल थापला असेल, तर रडारचा टापू आणखी आखडतो.

तेव्हा तक्रार करायचीच तर न वाजलेल्या बीपची करावी. यंत्रणा चालू ठेवा. वाजली की थांबा. वाजली नाही तरी आरसे बघत, मान वळवत, इंचाइंचाने मागे या. त्याहून बरं म्हणजे गाडी लावतानाच रिव्हर्समध्ये आत घाला. निघताना नाक पुढे असेल, तर या भानगडीतच पडायला नको.