वऱ्हाडच्या ठेव्याची यादी कोठें आहे ?

नागपूरकर भोसले पहिले रघूजी राजे यांची तरवार लंडनास सदबीज या पेढीच्या लिलांवांत निघाली. २९ एप्रिल २०२५ रोजीं महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती ४७ लक्ष १५ हजार रुपयांस घेतली व ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत राजांचें नांव व ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी आहे. ज्यांचा अंमल आमच्या वऱ्हाडानें पाहिला, त्यांची तरवार घरीं आली याचा आनंद कोणास होणार नाहीं ? सरकारचें याबद्दल अभिनंदन करून आम्ही एवढेंच विचारतों : आपलीच वस्तु आपणांस पैसे मोजून कां घ्यावी लागली ?

ही तरवार १८१७ सालच्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटींत गेली असावी, असा जाणत्यांचा तर्क आहे. तर्कावर दावा चालत नाहीं. त्याच्याही आधीं, १८०३ सालीं, अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या रणांत व नंतर गाविलगडावर भोसल्यांचा मोड झाला. त्या वेळीं वऱ्हाडांतून काय काय गेलें, याची यादी आज आमच्या कोणत्या गांवीं आहे ?

असल्या वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोनें १९७० सालीं राष्ट्राराष्ट्रांमध्यें करार घडवून आणिला. भारतानें तो १९७७ सालीं मान्य केला, ब्रिटननें २००२ सालीं. पण मागील लुटीस हा करार लागू नाहीं. म्हणून जुनी वस्तु एक तर विकत घ्यावी, नाहीं तर ज्याच्या ताब्यांत ती आहे त्याच्या मर्जीनें आणावी. लंडनच्या संग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास आलीं, तीं तीन वर्षांच्या मुदतीनें, उसनींच.

पुढील चोरीस मात्र करार लागतो. आणि त्यांतील एक अट आमच्या खेड्यांतील बंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावी. देवळांतून किंवा संग्रहालयांतून चोरलेली वस्तु दुसऱ्या राष्ट्रानें आपल्या हद्दींत येऊं देऊं नये व मागितल्यास ती परत करण्याची तजवीज करावी, असें सातवें कलम सांगतें. परंतु ती वस्तु त्या संस्थेच्या यादींत नोंदलेली असली पाहिजे. यादी नाहीं, तर दावा लंगडा. २०२४ च्या जुलैंत भारत व अमेरिका यांच्यांतही स्वतंत्र करार झाला आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकेनें २९७ पुरातन वस्तु परत देऊं केल्या. करार दिल्लींत होतात हें खरें. पण त्यांस लागणारा पुरावा गांवींच तयार झाला पाहिजे.

आतां आपल्या गांवाकडे पहा. मोठ्या देवस्थानास विश्वस्त आहेत, दप्तर आहे, कारकून आहे. बार्शीटाकळीच्या जुन्या देवळास सरकारी संरक्षण आहे. पण शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, मजुराच्या देवास काय आहे ? पारावरच्या भग्न मूर्ति, वेशीवरचे वीरगळ, बारवेच्या कोनाड्यांतील देव, यांस ना इनाम, ना दप्तर. रिद्धपूरच्या परिसरांत महानुभाव बंधूंनीं सकळ लिपींतील पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. पण अशी एखादी पोथी कोणा गरिबाच्या फडताळांतून नाहींशी झाली, तर तिचीं पानें किती होतीं हें तरी कोण सांगणार? शंभर वर्षांहून जुनी मूर्ति व पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखित पोथी परदेशीं नेण्यास खाजगी इसमास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे. परंतु वस्तु कोणाची हेंच सिद्ध न झाल्यास कायदा तरी काय करील ?

जमिनींतून निघणाऱ्या वस्तूंची गोष्ट निराळी. मूर्तिजापूर तालुक्यांतील राजनापूर-खिनखिनी येथें सांपडलेल्या जैन धातुमूर्ति नागपूरच्या संग्रहालयांत सुखरूप आहेत. उलट तामिळनाडूंतील पाथूर गांवीं १९७६ सालीं एका मजुरास खणतांना नटराजाची मूर्ति सांपडली. ती विकली गेली व हातोहात लंडनास पोंचली. तिच्यावरील माती व वाळवीच्या खुणा यांचा पुरावा मांडून परदेशच्या न्यायालयांत झगडावें लागलें, तेव्हां १९९१ सालीं ती परत मिळाली.

सरकारास कळविलें कीं वावर जाईल, असें भय पुष्कळांस वाटतें. १८७८ चा निखात निधीचा कायदा मात्र निराळें सांगतो. दहा रुपयांवरील ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें. मालक न निघाल्यास सांपडविणाऱ्याचा त्यांत हक्क आहे, आणि सरकारानें वस्तु घेतल्यास तिच्यांतील मालाची किंमत व वर त्या किंमतीचा पांचवा हिस्सा द्यावयाचा आहे. लपविल्यास मात्र हक्क जातो व शिक्षा होते. दलाल जें देतो तें याच्यापुढें काय ?

म्हणून आमची सूचना अशी. येत्या ग्रामसभेंत ठराव करून प्रत्येक गांवानें एक वही घालावी. वस्तूचें नांव, दगड कीं धातु, उंची-रुंदी, अक्षरें, कोठें कान तुटला, कोठें चीर आहे, हें लिहावें. पुढून, मागून व बाजूनें फोटो घ्यावा. एक प्रत पंचायतींत, एक पोलीस ठाण्यांत, एक पुरातत्त्व खात्याकडे ठेवावी. चोरी झाल्यास हीच माहिती सी.बी.आय. मार्फत इंटरपोलच्या जगभरच्या नोंदींत जाऊं शकते. याला विद्वान् नको. सातवी शिकलेलें पोर मास्तरांच्या देखरेखीखालीं हें काम चार दिवसांत करील.

यादी म्हणजे चोरास आमंत्रण, असें कोणी म्हणेल. वही चावडीवर टांगा असें आम्ही म्हणत नाहीं; ती कुलपांत ठेवा. आणि गांवांत काय आहे हें चोरास आजही ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें गांवाला. रघूजी राजांची तरवार विकत घेण्यास सरकारजवळ पैसा होता. तुमच्या पारावरचा देव उद्यां लिलांवांत निघाला, तर त्याच्यासाठीं बोली लावण्यास कोणीही जाणार नाहीं. त्याला परत आणील ती तुमची वहीच. ती याच महिन्यांत सुरू करा.